प्रस्तावना : कंपायलर निवडताना लायब्ररीही निवडली जाते

सी भाषेतला प्रोग्राम युनिक्सवर उभा करताना येणाऱ्या अडचणी साधारणपणे दोन खात्यांवर मांडल्या जातात. कोणता कंपायलर चांगला, कोणाचा कोड वेगाने चालतो, कोणाच्या सूचना अधिक उपयोगी, हे एक खाते आणि ते प्रोग्रामरकडे जाते. शेअर्ड लायब्ररी सापडत नाही, सिम्बॉल मिळत नाही, आवृत्ती जुळत नाही, हे दुसरे खाते आणि ते सिस्टिम अॅडमिनच्या गळ्यात पडते. दोन्ही विषयांची पुस्तके वेगळी, प्रशिक्षणे वेगळी आणि बहुतेक कार्यालयांत माणसेही वेगळी असतात. प्रस्तुत पुस्तक ही वाटणी मानत नाही. आपण एखादा कंपायलर निवडतो तेव्हाच त्याच्या मदतनीस लायब्ऱ्या, गणिताचे त्याचे नियम, लिंकरला तो परस्पर देत असलेले पर्याय आणि तयार बायनरीत तो लिहून ठेवत असलेल्या मागण्या, हे सगळे पदरात घेतलेले असते. लायब्ररीच्या तक्रारी पुढे महिन्यांनी, दुसऱ्याच मशीनवर उद्भवतात, पण त्यांचे मूळ अनेकदा या पहिल्या निवडीत असते. म्हणून कंपायलरांची तुलना आणि लायब्ररींचे निदान हा एकच अभ्यास आहे, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे. ते कशाच्या आधारावर केले आहे आणि त्यावर कोणते आक्षेप येऊ शकतात, याचा विचार या प्रस्तावनेत केला आहे.

ही वाटणी एके काळी सयुक्तिक होती. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्या भाषेत पुन्हा लिहिला गेला, तेव्हा एका मशीनवर एकच कंपायलर असे. लायब्ररीतला लागेल तेवढा कोड लिंकर थेट प्रोग्राममध्ये ओतत असे, त्यामुळे तयार झालेली फाइल स्वयंपूर्ण होती. स्टीव्हन जॉन्सन यांचा पोर्टेबल सी कंपायलर १९७९ च्या सातव्या आवृत्तीसोबत आला आणि सी अनेक यंत्रांवर पोहोचली, तरी एका यंत्रावर एक कंपायलर ही घडी मोडली नाही. ती मोडली पुढच्या दशकाच्या अखेरीस. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसी या कंपायलरची पहिली आवृत्ती १९८७ मध्ये बाहेर पडली. १९८८ च्या सनओएस ४ मध्ये शेअर्ड लायब्ररी आल्या, सिस्टिम पाच रिलीज चारमधून ईएलएफ हे फाइलस्वरूप आले आणि १९८९ मध्ये सी भाषेचे पहिले अधिकृत मानक प्रसिद्ध झाले. एकाच यंत्रावर एकाहून अधिक कंपायलर आणि कोडची जोडणी प्रत्यक्ष चालवण्याच्या वेळेपर्यंत लांबणीवर, या दोन गोष्टी जवळपास एकाच काळात घडल्या. आज आपण ज्यांना लायब्ररीचे प्रश्न म्हणतो त्यांतले बरेचसे या संयोगातून जन्मले आहेत.

सोलारिसचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. सोलारिस २ पासून सन कंपनीने मूळ प्रणालीसोबत सी कंपायलर देणे थांबवले आणि तो वेगळा विकायला ठेवला. बर्कलेच्या जुन्या सुसंगततेसाठी ठेवलेली सीसी आज्ञा दिली, तर भाषेचे ऐच्छिक पॅकेज बसवलेले नाही, एवढाच निरोप मिळे. साहजिकच जगभरच्या सोलारिस मशीनांवर जीसीसी आला आणि तो बहुधा यूएसआर-लोकल या शाखेत बसवला गेला. २००१ च्या जीसीसी ३.० पासून कंपायलरच्या मदतनीस कोडचा एक भाग लिबजीसीसी-एस नावाच्या शेअर्ड लायब्ररीत गेला. सोलारिसचा रनटाइम लिंकर मात्र मुळात प्रणालीच्या स्वतःच्या लिब डिरेक्टरीतच शोध घेतो, यूएसआर-लोकल-लिब त्याच्या यादीत नसते. परिणाम असा की, प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होई, लिंक होई आणि चालवताच लिबजीसीसी-एस उघडता आली नाही असे सांगून प्रोसेस मारली जाई. यात लायब्ररी हरवलेली नव्हती आणि कंपायलरमध्ये दोषही नव्हता. कंपायलरने एक मागणी लिहून ठेवली होती आणि ती कुठे पुरी होईल हे लिहिले नव्हते. लिंक करताना आर पर्यायाने डिरेक्टरीचे नाव बायनरीत कोरले असते, तर प्रश्न उद्भवला नसता. उलट सीआरएलई या आज्ञेने शोधाची सार्वत्रिक यादी बदलताना मूळ डिरेक्टरी गाळली गेली, तर प्रणालीतले साधेसुधे प्रोग्रामही चालेनासे होत. कंपायलरपाशी सुटू शकणारा प्रश्न प्रणालीपाशी सोडवायला गेले की किंमत कशी वाढते, हे यातून दिसते.

हे टाळायचे तर बायनरीत नेमके काय लिहिलेले असते हे पाहायला हवे. ईएलएफ फाइलच्या डायनॅमिक विभागात हव्या असलेल्या लायब्ररींची नावे असतात. वाणसामानाच्या यादीत मालाचे नाव असते, दुकानाचा पत्ता नसतो, तशी ही यादी असते. हे नाव म्हणजे लायब्ररीने स्वतःविषयी जाहीर केलेले एसओनेम, लिंक करताना जी फाइल समोर होती तिचे नाव नव्हे. पत्ता द्यायचा असेल तर आरपाथ किंवा रनपाथ या नोंदी वेगळ्या लिहाव्या लागतात. लिनक्सवर शोधाचा क्रम ठरलेला आहे : आधी आरपाथ, मग एलडी-लायब्ररी-पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग रनपाथ, त्यानंतर एलडीकॉन्फिगने बांधलेली कॅश आणि शेवटी प्रणालीच्या ठरावीक डिरेक्टरी. रनपाथ असेल तर त्याच फाइलमधला आरपाथ विचारात घेतला जात नाही. शिवाय रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट मागण्यांना लागू होतो, मागण्यांच्या मागण्यांना नाही. या एका फरकामुळे पहिली लायब्ररी सापडते आणि तिला लागणारी दुसरी सापडत नाही. याशिवाय प्रोग्राममध्ये आणखी एक नोंद असते, ती म्हणजे कोणत्या लोडरने आपल्याला उभे करावे याची. जीलिबसी या सी लायब्ररीवर बांधलेला प्रोग्राम अल्पाइन लिनक्सवर नेला तर शेल म्हणते, फाइल सापडली नाही. फाइल तर डोळ्यांसमोर असते. सापडत नाही तो तिने मागितलेला लोडर, कारण अल्पाइन मसल ही वेगळी सी लायब्ररी वापरते. रीडएल्फ या साधनाची एक आज्ञा दिली की लोडरचे नाव दिसते आणि कोडे सुटते.

आता कंपायलरकडे वळू. सी भाषेत भागाकाराचे चिन्ह एकच असले, तरी ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांच्या संख्यांचा भागाकार करताना जीसीसी आपल्या मदतनीस लायब्ररीतले फंक्शन बोलावतो. लिनक्स कर्नल ही लायब्ररी जोडत नाही, म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्याने असा साधा भागाकार केला की यूडिव्हडीआय३ नावाचा सिम्बॉल मिळत नाही अशी तक्रार येते. हे नाव त्याने लिहिलेल्या कोडमध्ये कुठेही नसते. काम अनेक थ्रेडांत वाटणाऱ्या ओपनएमपीचेही तसेच आहे. जीसीसी लिबगॉम्प मागतो, क्लँग लिबओएमपी मागतो, इंटेलचा कंपायलर लिबआयओएमपी५ मागतो. दोन कंपायलरांनी बांधलेल्या लायब्ऱ्या एकाच प्रोसेसमध्ये आल्या की थ्रेड सांभाळणाऱ्या दोन यंत्रणा एकमेकींशेजारी उभ्या राहतात. सर्वांत बोधप्रद उदाहरण जीसीसीच्या फास्ट-मॅथ पर्यायाचे आहे. हा पर्याय देऊन शेअर्ड लायब्ररी बांधली, तर एक्स८६ वर कंपायलर तीत प्रारंभीचा छोटा कोड घालत असे आणि लायब्ररी लोड होताच तो कोड प्रोसेसरला अतिसूक्ष्म संख्या शून्य धरायला सांगत असे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हा पर्याय कधी वापरलेला नसला, तरी कुठल्याशा दूरच्या लायब्ररीमुळे त्याच्या गणिताची उत्तरे बदलू शकत. २०२३ च्या जीसीसी १३ मध्ये शेअर्ड लायब्ररीपुरता हा प्रकार बंद झाला. बांधणीच्या वेळी दिलेला एक पर्याय परक्या प्रोग्रामच्या आकडेमोडीत शिरतो, तेव्हा कंपायलरचा विषय कुठे संपला आणि लायब्ररीचा कुठे सुरू झाला, अशी रेघ ओढता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, कंपायलरची खरी कसोटी वेग आहे आणि बाकीच्या गोष्टी आनुषंगिक आहेत. वेगाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. हवामानाचे गणित किंवा प्रथिनांची रचना मांडणाऱ्याला दहा टक्के वेळ वाचला तरी तो मोलाचा असतो. परंतु वेगाची तुलना तरी नेमकी कशाची होते? इंटेलचा कंपायलर फ्लोटिंग-पॉइंट गणितात मुळातच सैल नियम धरतो, तर जीसीसी पर्याय दिल्याशिवाय तसे करत नाही. दोघांना आपापल्या मूळ पर्यायांवर पळवले, तर दोन वेगळ्या कामांची वेळ मोजली जाते. इंटेलचा कंपायलर स्वतःच्या गणिती लायब्ऱ्याही जोडतो. साइन आणि एक्सपोनेन्शियल यांची लाखो आवर्तने करणाऱ्या प्रोग्राममध्ये मिळालेला फायदा त्या लायब्ररीचाही असू शकतो. मेमरी वाटपात वेळ घालवणारा प्रोग्राम जीलिबसी आणि मसल यांवर वेगळा वेळ घेईल, कंपायलर एकच असला तरी. म्हणजे लायब्ररी स्थिर ठेवल्याशिवाय कंपायलरचा वेग मोजताच येत नाही. वेगाचा आग्रह धरणाऱ्यालाही शेवटी कोणती फाइल लोड झाली हेच आधी तपासावे लागते.

वेगाइतकीच, किंबहुना अधिक, एक गोष्ट तुलनेत धरायला हवी : चूक कोणत्या टप्प्यावर पकडली जाते. फंक्शन जाहीर न करता वापरले तर ते पूर्णांक परत करते असे धरण्याची मुभा १९९९ च्या मानकाने काढून घेतली. तरीही क्लँगने १६ व्या आवृत्तीत, २०२३ मध्ये, आणि जीसीसीने १४ व्या आवृत्तीत, २०२४ मध्ये, ती मुळातच चूक ठरवली. मधल्या काळात पॉइंटर परत करणाऱ्या एखाद्या फंक्शनची हेडर फाइल घ्यायची राहिली, तर ६४ बिटांच्या यंत्रावर पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जाई आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळे. इनलाइन या शब्दाचे प्रकरण तर थेट आपल्या विषयाचे आहे. जीसीसीच्या जुन्या नियमांत नुसते इनलाइन लिहिलेल्या फंक्शनची स्वतंत्र प्रतही बाहेर दिली जाई. १९९९ च्या नियमांत ती दिली जात नाही. क्लँग सुरुवातीपासून नव्या नियमांकडे होता, जीसीसी २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत मुळातून तिकडे वळला. तोच कोड, तेच यंत्र, पण सिम्बॉल असणे वा नसणे कंपायलरवर आणि त्याच्या आवृत्तीवर ठरले. शेअर्ड लायब्ररी बांधताना लिंकर न सापडलेले सिम्बॉल मुळात चालवून घेतो, त्यामुळे ही चूक बांधणीच्या वेळी दिसत नाही, ग्राहकाच्या मशीनवर लायब्ररी लोड होताना दिसते. त्या ग्राहकाला ती लायब्ररीची अडचण वाटते आणि मूळ मात्र कंपायलरच्या एका नियमात असते.

सी लायब्ररीचे आणि प्रोग्रामचे नातेही अशाच गृहीतांवर उभे असते. मेमसीपीवाय या फंक्शनला एकमेकांवर पडणारे पट्टे देऊ नयेत, असे मानक सांगते. जुन्या जीलिबसीत असे पट्टे दिले तरी बऱ्याचदा काम भागत असे. २०१० मध्ये फेडोरा १४ मध्ये काही प्रोसेसरांसाठी नक्कल करण्याची दिशा बदलली आणि ६४ बिटांच्या फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. नियमाने चूक फ्लॅशची होती. वापरणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र काल नीट ऐकू येणारा आवाज लायब्ररी बदलल्यावर फाटला होता आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यांचीच बाजू घेतली. जीलिबसी २.१४ मध्ये यावर तोडगा निघाला : त्याच नावाच्या फंक्शनच्या दोन आवृत्त्या ठेवल्या गेल्या, जुन्या बायनरींना जुनी आणि नव्याने बांधलेल्यांना नवी. ही सोय उत्तम आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की, नव्या मशीनवर बांधलेला प्रोग्राम केवळ मेमसीपीवायसाठी २.१४ मागतो आणि त्याहून जुन्या मशीनवर उभा राहत नाही. २०२१ च्या २.३४ मध्ये थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाल्यावर हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. यातून निघणारा नियम सरळ आहे : ज्या सर्वांत जुन्या प्रणालीवर प्रोग्राम चालवायचा आहे, तिच्या सी लायब्ररीवर तो बांधावा. कंपायलर नवा असला तरी चालतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो. एलडी-लायब्ररी-पाथ लिहिले की प्रोग्राम चालतो, मग एवढ्या खोलात कशाला जायचे? प्रयोग म्हणून, निदानासाठी, ते व्हेरिएबल फार उपयोगी आहे आणि या पुस्तकातही वापरले आहे. कायमचा उपाय म्हणून ते घातक ठरते, कारण ते एका प्रोग्रामपुरते राहत नाही. शेलच्या प्रोफाइलमध्ये लिहिले की त्या शेलमधून निघणाऱ्या प्रत्येक प्रोसेसला ते लागू होते. एका प्रोग्रामसाठी आणलेली जुनी लायब्ररी दुसऱ्याच्या माथी बसते. सेटयूआयडी प्रोग्राम सुरक्षेसाठी ते मानत नाहीत, क्रॉनमधून चालणाऱ्या कामांना प्रोफाइल दिसत नाही, म्हणून हाताने चालणारे काम रात्री आपोआप चालत नाही. एचपी-यूएक्सवर एसएचलिब-पाथ, एआयएक्सवर लिबपाथ, मॅकवर डीवायएलडीने सुरू होणारे नाव, अशी या उपायाची रूपे बदलत जातात. बांधणीच्या वेळी ओरिजिन हा शब्द वापरून लायब्ररीचे स्थान प्रोग्रामच्या सापेक्ष लिहिले, तर लिनक्स आणि सोलारिस या दोन्हींवर हा सगळा व्याप टळतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सगळे स्टॅटिक जोडून टाकावे, म्हणजे प्रश्नच मिटेल. एकाच कामाच्या छोट्या साधनासाठी, प्रणाली कोसळल्यावर वापरायच्या बचाव साधनांसाठी हा मार्ग खरोखर योग्य आहे. सरसकट तो घेतला तर काय होते, याचा धडा २००२ मध्ये मिळाला. झेडलिब या लायब्ररीत तीच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला. जे प्रोग्राम शेअर्ड झेडलिब वापरत होते, त्यांच्यासाठी एक फाइल बदलणे पुरेसे होते. ज्यांनी तिचा कोड पोटात घेतला होता, ते आधी शोधून काढावे लागले आणि मग प्रत्येक नव्याने बांधावा लागला. शिवाय ही वाट सगळीकडे मोकळीही नाही. सोलारिस १० पासून सी लायब्ररीची स्टॅटिक प्रत दिली जात नाही, मॅकवर प्रणालीची लायब्ररी स्टॅटिक जोडता येत नाही आणि जीलिबसीवर स्टॅटिक बांधलेला प्रोग्राम यजमानांची नावे शोधायला लागला की पुन्हा शेअर्ड लायब्ररींचाच दरवाजा ठोठावतो. कंटेनरबद्दलही हेच म्हणता येईल. कंटेनर लायब्ररींचा संच सोबत नेतो, हे त्याचे बळ. पण त्या संचात कोणती सी लायब्ररी आहे हे ठाऊक नसेल, तर अल्पाइनचे वर सांगितलेले कोडे नेमके कंटेनरमध्येच समोर येते.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे : दुसऱ्याच्या मशीनवर आपला कोड पाठवणारे प्रोग्रामर, दुसऱ्याचा कोड आपल्या मशीनवर उभा करणारे अॅडमिन, आणि सामायिक क्लस्टरवर एकाच वेळी तीनचार कंपायलर उपलब्ध असलेले संशोधक. पुण्यातल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केल्यापासून मराठी मुलखातही अशा यंत्रांवर काम करणारी माणसे आहेत. मॉड्यूल बदलला की कंपायलर बदलतो आणि त्याच्यासोबत लायब्ररींचा सगळा संसार बदलतो, हे त्यांना रोजच्या कामात दिसते. पुस्तकाच्या पहिल्या भागात जीसीसी, क्लँग आणि व्यावसायिक कंपायलर यांची तुलना आहे आणि प्रत्येक ठिकाणी तयार बायनरीत काय उतरले हे दाखवले आहे. दुसऱ्या भागात निदान आहे. त्याचा क्रम कायम एकच ठेवला आहे : फाइल कोणत्या यंत्रासाठी आणि किती बिटांची आहे, तिने कोणता लोडर मागितला, कोणत्या लायब्ऱ्या मागितल्या, त्या कुठे शोधल्या गेल्या, कोणती प्रत हाती आली, आणि त्या प्रतीत हवा तो सिम्बॉल हव्या त्या आवृत्तीत आहे का. सी प्लस प्लसच्या नावबदलाचे आणि अपवादांचे प्रश्न मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, कारण त्यांना स्वतंत्र पुस्तकाची गरज आहे.

वाचकाला एवढीच विनंती आहे. पुढची चूक दिसेल तेव्हा इकडून तिकडे फाइली कॉपी करण्याआधी, सांकेतिक दुवे जोडण्याआधी, बायनरीने काय मागितले आहे ते वाचावे. रीडएल्फ आणि एनएम ही साधने बहुतेक लिनक्स मशीनवर असतात, नसली तर एका पॅकेजात मिळतात; एलडी-डीबग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तर जीलिबसीचा लोडरच ओळखतो. अनोळखी फाइलवर मात्र एलडीडी वापरू नये, कारण काही परिस्थितींत ते ती फाइल चालवते. आणि नवा कंपायलर आणताना वेगाच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : याने बांधलेली फाइल चालवायला समोरच्या मशीनवर काय काय असावे लागेल. हा रकाना बांधणी करणाऱ्याने भरला, तर चालवणाऱ्याचे पुष्कळ कष्ट वाचतील.